हुंकाऱ्याचा उन्हाळा

जळगावहून गोष्ट भरून घ्यायला आलेला माणूस वाचनालयाच्या हॉलमध्ये यंत्र मांडून बसला होता. त्याच्या कानावर हेडफोन, समोर माइक, आणि माइकपुढं माझी नणंद कमलताई. तिच्या मागं सतरंजीवर आम्ही गावातल्या बायका. कमलताईनं गोष्टीतलं थोडं सांगितलं, आम्ही सगळ्यांनी मिळून "हूं" केलं, तसा त्यानं हात वर करून यंत्र थांबवलं.

"आजी, आवाज छान आहे तुमचा. हे मागचे आवाज मी नंतर काढून टाकतो."

"मंग मना आवाज बी काढ," कमलताई म्हणाली.

तो हसला. म्हातारी गंमत करतेय असं त्याला वाटलं. म्हातारी गंमत करत नव्हती. तिला डोळ्यांनी दिसत नाही, पण समोरचा हसतोय एवढं तिला कळतं. ती सरळ उठून उभी राहिली. मग त्यानं काही काढलं नाही.

हे यंदाच्या चैत्रातलं. वाचनालयातून घरी येताना कोणाच्या तरी अंगणात उडदाचं पीठ कुटणं चाललं होतं. हिंगाचा आणि मिऱ्यांचा वास रस्त्यापर्यंत आला होता. त्या वासानं मला गेल्या वर्षीचा उन्हाळा आठवला. उन्हाळ्याचं मला एरवी कौतुक नाही. आमच्याकडं वैशाखात नळाचं पाणी हाताला चटका देतं, आणि दुपारी कावळासुद्धा चोच वासून सावलीला बसतो. पापड, बिबडे, कुरडया उन्हातच वाळतात, म्हणून त्याला यावं लागतं, आणि आपल्याला सोसावं लागतं. आजवर मी पुष्कळ उन्हाळे सोसले. सगळे एकसारखे. लक्षात ठेवावा असा तेवढा गेल्या वर्षीचा.

पण त्याच्या आधीचं थोडं सांगायला पाहिजे.

माझं माहेर चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. शाळा चौथीपर्यंत होती, मीही चौथीपर्यंतच शिकले. लग्न होऊन धुळ्याच्या रस्त्यावरच्या या गावात आले, तेव्हा घरात माझ्याहून लहान नणंद होती. ती सातवी शिकलेली. शिकलेली म्हणून लाडकी, आणि लाडकी म्हणून आळशी. पुढं ती सोनगीरला दिली. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी यायची. आखाजीला आमच्याकडं सगळ्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आंबे खातात. नेमके तेच दिवस पापडांचे.

पापड लाटण्याची आमची रीत अशी, की आज या घरचे, उद्या त्या घरचे. जिच्याकडं पापड असतील तिच्याकडं सगळ्यांनी जायचं, आपापलं पोळपाट-लाटणं काखेत मारून. पीठ कुटायचं काम घरच्या सुनेचं, म्हणजे माझं. हाताला तेल लावून पीठ कुटायचं, त्याची लांब वळी करायची, दोऱ्यानं सपासप लाट्या पाडायच्या. बायका लाटणार, पोरं लाट्या चोरून खाणार. आणि कमलताई उंबऱ्यावर बसून वाचणार. वाचनालयातून एक जाड पुस्तक ती घेऊन यायची, आणि लाटणं हातात धरायचं नाही म्हणून ते मोठ्यानं वाचून दाखवायची. सासू म्हणायची, "वाचू दे तिले. लाटनाऱ्या बहू शेतस."

मला राग यायचा. अजूनही येतो. पण ती वाचायची चांगलं, हे नाही म्हणता येणार नाही. पुस्तकातली भाषा पुण्याकडची असायची. ती वाचता वाचताच तिची आपली भाषा करायची. आणि एक परिच्छेद वाचला की थांबायची. आम्ही सगळ्यांनी "हूं" म्हटल्याशिवाय पुढं जायची नाही.

याला आमच्याकडं हुंकारा म्हणतात. गोष्ट सांगणारा एक, हुंकारा देणारे बाकीचे. माझ्या लहानपणी माहेरी एक म्हातारा होता, तो खळ्यावर गोष्ट सांगायचा. हुंकारा आला नाही तर गोष्ट तिथंच सोडून बिडी पेटवायचा. आम्ही पोरं कितीही गयावया केलं तरी त्या दिवशी पुढं काही नाही. ऐकणारा जागा आहे, त्याला कळतंय, त्याला पुढचं हवंय, हे सांगणाऱ्याला समजायला नको? तोंड मिटून ऐकणं आम्हाला कोणी शिकवलंच नाही. शाळेत मास्तर शिकवायचे, पण चार वर्षांत ते कितीसं अंगात मुरणार.

माझे यजमान गेले, मुलगा नोकरीला जळगावला गेला. तिकडं कमलताईचे यजमान गेले, मुलगा कामाला सुरतेला गेला. साखरेच्या दुखण्यानं तिचे डोळे हळूहळू संपले. आधी पुस्तकातली अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे गेले, शेवटी फक्त उजेड-अंधार राहिला. मुलानं तिला सुरतेला नेलं, पण ती तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत राहीना. मग मीच म्हटलं, इकडं ये. प्रेमाबिमानं नाही म्हटलं. घर तिच्याही बापाचं होतं.

ती आली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. जेव म्हटलं की जेवायची, ऊठ म्हटलं की उठायची. भाजीत मीठ जास्त पडलं तरी बोलायची नाही. जन्मभर जिनं माझ्या प्रत्येक भाजीला नावं ठेवली, ती गपचूप खारट भरीत खाते, हे बघून मला भीती वाटायला लागली. माणूस मरायच्या आधी असं निम्मं मरून बसतं. मी असे दोघे-तिघे बघितलेले आहेत. मुद्दाम तिला टोचून बोलायचे, "सातवी शिकेल बाई, काही तरी बोला," म्हणायचे. ती म्हणायची, "काय बोलू." बस, एवढंच.

त्याच सुमाराला वाचनालयाच्या रेखा मॅडम घरोघरी फिरत होत्या. या तरुण ग्रंथपाल नव्यानं लागलेल्या, उत्साही. म्हाताऱ्या माणसांसाठी वाचनालयात नवे उपक्रम सुरू केलेत, या, म्हणाल्या. मी एकदा गेले होते. मोबाइल शिकवला, तो बरा होता. एका दिवशी सगळ्यांना गोल उभं करून हसा म्हणाले. कशाला हसायचं ते सांगितलं नाही. मी घरी आले. तेव्हा या वेळी मी मॅडमना दारातच विचारलं, "आता काय करायचं आहे? रडायचं?"

"नाही अक्का, ऐकायचं आहे. बोलती पुस्तकं आली आहेत. ज्यांना दिसत नाही त्यांना यंत्र पुस्तक वाचून दाखवतं."

आतून कमलताईचा आवाज आला, "कोनतं पुस्तक?"

कित्येक दिवसांत तिनं स्वतःहून विचारलेली ही पहिली गोष्ट. मी लगेच चपला शोधल्या.

वाचनालय मुख्य रस्त्यावर आहे. खाली अभ्यासिका, तिथं स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली दिवसभर मान खाली घालून बसतात. वर एक हॉल, तो बंदच असायचा. रेखा मॅडमनी यंत्र काढलं, पुस्तकांची नावं वाचून दाखवली. एका नावाला कमलताईनं माझा हात घट्ट धरला. तिचंच ते जाड पुस्तक. उंबऱ्यावर बसून वाचलेलं. छापील प्रत फाटून केव्हाच रद्दीत गेली होती. यंत्रात मात्र सबंध होतं.

एका नावाड्याच्या बायकोची गोष्ट. तिचं नाव देवकी. नवरा पुरात गेलेला. घर दिरानं घेतलं, शेत दिरानं घेतलं, राहिली एक नाव, तीही त्याला पाहिजे. पुढं काय ते ज्याचं त्यानं ऐकावं.

मॅडमनी बटण दाबलं. एका पुरुषाचा गोड आवाज सुरू झाला. थोडं झालं आणि कमलताई म्हणाली, "हूं." आवाज पुढं गेला. ती परत म्हणाली, "हूं." आवाज आपल्या नादात पुढं. तिसऱ्यांदा तिनं जरा जोरात म्हटलं. मग माझ्याकडं वळली.

"हाऊ मानूस थांबस नही वं. मी हूं म्हनस, त्याले काही पडेलच नही."

"यंत्र शे ते. त्याले कान नही."

"ज्याले कान नही त्यानं आपन कसाले आयकानं? चाल घर."

घरी येऊन ती परत भिंतीकडं वळली. मी दुसऱ्या दिवशी एकटीच रेखा मॅडमकडं गेले आणि विचारलं, "ते यंत्र मधेमधे थांबतं का?" त्या म्हणाल्या, हो, हे बटण. मी म्हटलं, मग वाचणारा थांबत नसेल तर आपण थांबवू. आणि एकटीच्या हुंकाऱ्यानं काही व्हायचं नाही, बायका पाहिजेत. बायका रिकाम्या येणार नाहीत, पापडांचे दिवस आहेत. तर पापड इथंच लाटू.

मॅडम जरा गडबडल्या. "वाचनालयात पापड?"

"पुस्तकाला पीठ लागू देणार नाही."

अशी सुरुवात झाली. रोज दुपारी जिच्या घरचे पापड असतील ती पिठाचा डबा घेऊन वर यायची, बाकीच्या पोळपाट घेऊन. कूलर लावायचा. रेखा मॅडम बटणाशी बसायच्या. गोष्ट थोडी पुढं गेली की थांबवायच्या, बायका "हूं" म्हणायच्या, आणि नुसतं "हूं" म्हणून थोडंच भागतं? "त्या दिराले कोनी जाब इचारत नही का?" "मना दीर बी असाच व्हता वं." "तुना दीर आठे समोरच ऱ्हास, हळू बोल." असं सगळं झालं की मग पुढं. लाटण्यांचा कडकड आवाज, कूलरची घरघर आणि मधे यंत्रातला तो पुण्याचा माणूस. शहाण्यासारखा थांबायला शिकला होता.

कमलताई मधोमध बसायची. सुरुवातीला नुसता हुंकारा द्यायची. मग पुण्याच्या माणसाच्या चुका काढायला लागली. "आठे आवाज चढाले पाह्यजे व्हता. याले राग येतच नही." मग बायकांना दटावायला लागली. एका संध्याकाळी घरी येऊन जेवायला बसली आणि पहिला घास घेऊन म्हणाली, "वांगं कच्चं शे." मी तिला तिथल्या तिथं चार शब्द सुनावले, तिनं मला सहा सुनावले. बरं वाटलं. जेवण जास्त गेलं दोघींनाही.

आणि तेव्हाच खालून तक्रार गेली.

अभ्यासिकेतल्या मुलांची परीक्षा जवळ आली होती. मोनाली नावाची मुलगी पुढं होती, पोलिसात जायची तयारी करणारी, उंच, तडफदार. तिनं वाचनालयाच्या अध्यक्षांना, म्हणजे नानांना, सांगितलं की डोक्यावर रोज दुपारी बाजार भरतो. नाना निवृत्त मुख्याध्यापक. माणूस वाईट नाही. पण ते येतात तेव्हा खुर्च्यासुद्धा आवाज न करता सरकतात. ते वर आले, पोळपाटांकडं बघितलं, वाळत घातलेल्या पापडांकडं बघितलं.

"अक्का, वाचनालय म्हणजे शांतता."

"नाना, या हॉलमध्ये इतकी वर्षं शांतता होती, कारण माणूसच नव्हतं."

त्यांना ते आवडलं नाही. पण न्यायी माणूस. म्हणाले, एक संधी देतो. प्रत्येकीनं हेडफोन लावून, गुपचूप ऐकायचं. एक दुपार शांततेत गेली तर हॉल तुमचा. नाही तर यंत्र कपाटात आणि हॉलला कुलूप.

आम्ही सगळ्यांनी शपथा घेतल्या. नाना खाली अभ्यासिकेत जाऊन बसले. रेखा मॅडमनी कुठून कुठून मागून हेडफोन आणले, छोटी यंत्रं आणली. बायकांनी पदराखाली ती कानावर चढवली, लाटणी बाजूला ठेवली, मांडी घालून बसल्या. मॅडम एकेकीचं बटण दाबत गेल्या. या छोट्या यंत्रांवर गोष्ट पुन्हा पहिल्यापासून लागायची. पहिलीचं दाबलं तिथून शेवटच्या बाईपर्यंत पोचेस्तोवर गोष्ट बरीच पुढं गेलेली. म्हणजे एकीच्या कानात देवकीचा नवरा मेला होता आणि दुसरीच्या कानात त्याचं अजून लग्न लागत होतं.

कानात आवाज भरला की आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. हुंकारा काही ठरवून देत नाही माणूस. तो जांभईसारखा येतो. आधी कमलताई, "हूं!" शेतात हाक मारावी एवढ्या मोठ्यानं. मग तिच्या पलीकडची, "अरे देवा!" मग कोपऱ्यातली, "मंग?" तिला मधेच कोणीतरी, "मेला का तो?" तर तिसरी खदाखदा हसतेय, कारण तिच्याकडं वरात आलेली. प्रत्येकीला वाटत होतं आपण अगदी गप्प आहोत आणि बाकीच्या कशा शहाण्यासारख्या बसल्या आहेत. मीही. रेखा मॅडम मधे उभ्या राहून दोन्ही हातांनी खुणा करत होत्या. आम्हाला वाटलं, त्या शाबासकी देताहेत.

नाना वर आले तेव्हा मी मोठ्यानं दिराला शिवी देत होते. त्यांनी स्वतः माझा हेडफोन काढला.

यंत्र कपाटात गेलं. हॉल बंद झाला. गोष्ट अर्धी राहिली. स्पीकरवर शेवटचं जे ऐकलं होतं ते असं, की पूर चढलाय, देवकी लेकीला घेऊन नावेत बसलीय, दीर काठावर दोर धरून उभा आहे, आणि देवकीनं कोयता उचलला. तिथं मॅडमनी यंत्र थांबवलं होतं, उद्या पुढं म्हणून.

ते उद्या आलं नाही. कमलताई पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसली. पापड मी घरीच लाटले, बायका आल्या, पण मजा नव्हती. मी तिला म्हटलं, "ताई, तुले तर बठ्ठी गोष्ट पाठ शे. तूच सांग." तर म्हणाली, "माले कोन आयकस आते." मी वांगं मुद्दाम कच्चं ठेवलं. तिनं निमूट खाल्लं. तेव्हा मी ओळखलं की या खेपेला ती भिंतीकडून परत वळायची नाही. मी देवाला वगैरे काही म्हटलं नाही. नानांना मात्र मनात पुष्कळ काही म्हटलं.

असे काही दिवस गेले. एका सकाळी मी गच्चीवर बिबडे घालत होते. ज्वारीचा घाटा गरम असतानाच ओल्या कापडावर थापावा लागतो, हात पाण्यात बुडवून. मधे थांबता येत नाही. त्यामुळं दार वाजलं तेव्हा मी वरूनच ओरडले, कोण आहे? खाली मोनाली उभी. तीच, तक्रार करणारी. मी म्हटलं, "आता काय? बिबड्यांचाही आवाज येतो का?"

ती वर आली, चप्पल बाहेर काढून. कमलताई सावलीला जिन्याच्या भिंतीकडं तोंड करून बसली होती. मोनाली तिच्याशेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, "आजी, एक विचारू? त्या देवकीनं कोयता कोणावर उचलला?"

माझा हात घाट्यातच राहिला.

"तुले काय करनं शे?" कमलताई म्हणाली.

"वरून रोज ऐकू यायचं. आधी राग यायचा. मग कधी ऐकायला लागलो ते कळलंच नाही. आता वर शांतता आहे, तर कोणाचा अभ्यासच होत नाही. दुपार झाली की सगळे छताकडं बघतात. आमच्यात पैजा लागल्यात. कोणी म्हणतं दिराला मारलं, कोणी म्हणतं स्वतःला. सांगा ना."

मी बघत होते, कमलताईची मान भिंतीकडून हळूहळू इकडं वळत होती.

"आठे नही सांगाव," ती म्हणाली. "तठे सांगसू. हॉलमा. बठ्ठासले लई ये."

"हॉलला कुलूप आहे, आजी."

"मंग ऱ्हाऊ दे."

मोनाली पळतच गेली. मी बिबडे संपवले, हात धुतले आणि वाचनालयात गेले. मुलांनी रेखा मॅडमना घेरलं होतं. मॅडम म्हणत होत्या, "किल्ली आहे माझ्याकडं, पण परवानगी नाही ना."

मी म्हटलं, "कुलूप परवानगीनं उघडतं का किल्लीनं?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मग मुलांकडं. आणि ड्रॉवर उघडला.

त्या दुपारी हॉल भरला. एका बाजूला बायका, पोळपाटं घेऊन. दुसऱ्या बाजूला अभ्यासिका, पुस्तकं खालीच ठेवून आलेली. यंत्र नव्हतंच, ते नानांच्या कपाटात. मधे कमलताई, इस्त्रीच्या लुगड्यात. मी घरी परतल्यावर तिनं मला ते लुगडं शोधायला लावलं होतं. घसा खाकरून ती म्हणाली, "हुंकारा नही तर गोष्ट नही. बठ्ठासनी द्यावा. शिकेल लोकेसनी बी."

आणि तिनं सुरुवात केली. मागचं थोडक्यात सांगून ती पुरापर्यंत आली. पाणी कसं चढतं, नाव कशी हिसके देते, लेक कशी आईच्या लुगड्याला धरून बसते. पुण्याच्या माणसाच्या आवाजात पाऊस पडत नव्हता. हिच्या आवाजात मला पायाखाली पाणी आल्यासारखं वाटलं. ती थांबली की सबंध हॉल "हूं" करायचा. मुलं आधी लाजत होती, मग इतक्या जोरात द्यायला लागली की खिडकीच्या काचा वाजल्या.

नाना नेमके तेव्हाच जिन्यातून वर आले. खाली अभ्यासिकेत एकही माणूस नाही, दिवे-पंखे चालू, आणि वर हे. ते दारात थांबले. रेखा मॅडम उभ्या राहिल्या. मुलांनी माना खाली घातल्या. कमलताईला काही कळलं असेल असं मला वाटलं नाही. ती सांगतच होती.

"दीर म्हने, उतर खाले, नहीतर दोर वढस. देवकीनी लेकले पोटशी धरं. आनि कोयता उचला."

थांबली. बायकांनी हुंकारा दिला. मुलांनीही दिला, जरा दबकत. कमलताईनं मान तिरकी केली, जशी ती एके काळी उंबऱ्यावर बसून करायची, लाटणाऱ्यांत कोण पेंगतंय ते बघायला.

"दरवाजाजोडे कोन उभा शे? त्यानी हुंकारा दिधा नही."

लाटणी थांबली. मी नानांकडं बघत होते. हात मागं बांधलेले, भुवया वर चढलेल्या. त्यांनी बंद करा म्हटलं असतं तर बंद झालं असतं. कोयता तसाच वर राहिला असता, आणि आमची कमलताई घरी भिंतीसमोर.

"मी बठेल शे," कमलताई म्हणाली. "माले घाई नही."

मोनालीनं मागं वळून बघितलं. मग एकेक करून सगळ्यांनीच दाराकडं माना वळवल्या. नानांनी घसा साफ केला. मुख्याध्यापकाचा घसा तो, सबंध शाळा त्याला घाबरायची.

"हूं," नाना म्हणाले.

"आते कसं," कमलताई म्हणाली. "आनि तिनी सपकन दोर काप्या."